कतारमधला दयेचा नाच आणि आपण
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहीजणांच्या भुवया वर गेल्या, हे इथे उभे राहूनही आम्हांस दिसते आहे. प्रार्थनामंदिराचा वर्धापनदिन, आणि भाषण कशावर, तर नाचावर! तोही कतार देशातल्या! पण यामागे कारण आहे. आपल्या तरुण मंडळींनी कमिटीपुढे सूचना ठेवली की येत्या नोव्हेंबरात आपल्या सभागृहात "दयाळूपणासाठी नृत्य" असा कार्यक्रम करावा. जगभर अनेक शहरांत स्वयंसेवक तो करतात, दोह्यासारख्या ठिकाणीसुद्धा झाला आहे, मग आपण का करू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यावर दोन तट पडले. एका बाजूने म्हटले, नाचून कुणाचे पोट भरते का? दया करायची असेल तर दानपेटी आहे, आजाऱ्याच्या समाचाराला जाणे आहे. दुसऱ्या बाजूने म्हटले, मुले मंदिराकडे येतच नाहीत, नाचाच्या निमित्ताने येतील तर येऊ देत. दोन्ही बाजू मोठ्याने बोलल्या. तेव्हा हे प्रकरण मुळात आहे तरी काय, ते जमातीपुढे नीट मांडावे असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले.

पहिली गोष्ट, जी आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ही कल्पना एका यहुदी शिक्षिकेची आहे. ऑर्ली वाहबा हे त्यांचे नाव. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्या यहुदी मुलांच्या शाळेत शिकवीत. २०११ साली त्यांनी सहा मिनिटांहूनही लहान अशी एक फिल्म काढली. तीत कॅमेरा कुठेही न थांबता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. रस्त्यावर काम करणारा एक बांधकाम मजूर पडलेल्या मुलाला हात देऊन उठवतो. तो मुलगा पुढे दुसऱ्या कुणाला मदत करतो, ते माणूस तिसऱ्याला, आणि शेवटी उन्हात उभ्या असलेल्या त्याच मजुराला कोणीतरी पाण्याचा पेला आणून देते. एवढीच कथा. ती फिल्म कोट्यवधी लोकांनी पाहिली. २०१२ पासून वाहबाबाईंच्या संस्थेने दर नोव्हेंबरात हा नाच सुरू केला. तेरा नोव्हेंबर हा जागतिक दयाळूपणा दिन. १९९७ साली तोक्यो येथे निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्था एकत्र आल्या, आणि पुढच्या वर्षापासून तो पाळला जाऊ लागला. त्याच्या आसपासच्या सुटीच्या दिवशी गावोगावचे स्वयंसेवक एकच गाणे लावून एकच नाच नाचतात. नाचाच्या आधी काही मिनिटे सगळे जण जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहतात, कोणी हात पुढे केलेला, कोणी कुणाची पिशवी धरलेली. पाहणाऱ्याला कळत नाही काय चालले आहे. मग गाणे सुरू होते. पावले मुद्दाम सोपी बसवलेली असतात, कारण नाचणारा नर्तक नसतो. शिक्षक, बँकेतला कारकून, परिचारिका, शाळकरी पोर, अशी माणसे असतात. पैसे कोणी घेत नाही.

आता कतारकडे वळू. या देशाचे नाव घेतले की आज आपल्या घरांतून काय काय आठवते, ते सांगायला नको. गेल्या काही वर्षांत दोहा हे नाव आपण टीव्हीवर रोज ऐकले आहे, आणि ते ऐकताना आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जेवणाचे ताट तसेच राहिले आहे. त्या राजकारणाचा निवाडा करायला आम्ही इथे उभे नाही. मात्र दोह्याशी आपला संबंध टीव्हीपुरता कधीच नव्हता. अरबी आखातात मोती निघत, आणि ते विकायला मुंबईला येत. मोत्यांचा तो धंदा १९३० च्या सुमारास बसला आणि तिथल्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. पुढे तेल सापडले. पण त्यानंतरही कतारच्या बाजारात १९६६ पर्यंत चालत होता तो आपला रुपया! भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. आपल्यापैकी जे साठीच्या दशकात मुंबईहून निघाले त्यांच्या खिशात रुपये होते, आणि दोह्याच्या हमालाच्या खिशातही रुपयेच होते. १९९६ साली इस्राएलचे व्यापारी कार्यालय दोह्यात उघडले होते, ते पुढे बंद पडले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तेल अवीवहून दोह्याला थेट विमाने गेली आणि यहुदी प्रेक्षकांसाठी तिथे कोशेर जेवणाची सोयही झाली. दरवाजा उघडतो, मिटतो.

आज कतारमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसे राहतात. त्यांत मूळचे कतारी दहात एक-दीड. बाकी सगळे बाहेरचे, आणि बाहेरच्यांत सर्वांत मोठा आकडा भारतीयांचा, सात-आठ लाखांचा. मल्याळी पुष्कळ. मराठी माणसेही आहेत, त्यांचे महाराष्ट्र मंडळ आहे. आणि कोकणातले आहेत. श्रीवर्धन, म्हसळा, रोहे, खेड, चिपळूण या बाजूचे मुसलमान बांधव दोन-तीन पिढ्या आखातात जात आले आहेत. ही नावे ऐकून इथे बसलेल्या कुणाला काही वाटले नसेल तर नवल! आपल्या आडनावांतली गावे याच पट्ट्यातली. ज्यांच्या घरासमोर आपल्या आजोबांचा घाणा होता, त्यांचीच नातवंडे आज दोह्यात क्रेन चालवीत असतील.

तर अशा देशात दयेचा नाच कसा होतो? न्यूयॉर्कमध्ये चौकात पाचपन्नास माणसे अचानक नाचू लागली तर पोलीस हसून पाहतात. कतारमध्ये तसे चालत नाही. माणसे जमवायची तर आधी परवानगी लागते, जागेच्या मालकाची आणि सरकारची. पोशाख अंग झाकणारा हवा. नमाजाच्या वेळी वाद्य वाजता कामा नये. रविवार तिथे कामाचा दिवस, म्हणून जगाचा रविवार त्यांच्या सोयीचा नाही, शुक्रवार-शनिवारच पाहावा लागतो. हवामानाचे म्हणाल तर नोव्हेंबर हा महिना बरा लागला आहे. उन्हाळ्यात तिथे उघड्यावर उभे राहणे कठीण. २०२१ पासून एक जून ते पंधरा सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून उन्हाची कल्पना यावी. दिवाळीच्या सुमारास हवा उतरते आणि लोक समुद्राकाठी फिरायला बाहेर पडतात.

कतारी लोकांना नाच परका आहे असे मात्र समजू नये. लग्नात आणि अठरा डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनी त्यांचा अर्दा असतो. पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, हातांत तलवारी, ढोलांचा ठेका संथ, आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कवने म्हटली जातात. बायका आपल्या दालनात वेगळ्या नाचतात. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून एका ठेक्यावर डोलणे त्यांनाही कळते, आपल्यालाही कळते. २०१९ हे कतार आणि भारत यांचे सांस्कृतिक वर्ष म्हणून साजरे झाले, त्याआधी आणि त्यानंतरही दोह्यात नवरात्रात दांडिया चालत आलेला आहे.

परंतु खरी अडचण परवानगीची नाही, आणि इथे आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. दोह्यात एका शब्दाला चमत्कारिक अर्थ आहे. "बॅचलर". आपल्याकडे बॅचलर म्हणजे अविवाहित. तिथे बॅचलर म्हणजे एकटा राहणारा मजूर. त्याची बायको गावी असते, तीन मुले असतात, आईच्या औषधाचे पैसे तो दरमहा पाठवतो, तरी तो बॅचलर! कित्येक वर्षे काही मॉलमधून आणि बाजारांतून शुक्रवारी "फक्त कुटुंबांसाठी" असा नियम असे. म्हणजे ज्याला आठवड्यात एकच सुटी, त्याच सुटीच्या दिवशी त्याला दारातून परत पाठवत. आता विचार करा, अशा एखाद्या थंडगार मॉलच्या मध्यभागी दयेचा नाच झाला, तीस-चाळीस सुशिक्षित माणसे एकसारखे टी-शर्ट घालून नाचली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आणि तो मॉल ज्याने बांधला तो बाहेरच्या बस थांब्यावर उभा. त्या फिल्ममध्ये पाण्याचा पेला ज्याला मिळतो तो मजूरच, हे आम्ही आधीच सांगितले.

म्हणून दोह्यासारख्या ठिकाणी या कार्यक्रमाची पारख एकाच गोष्टीवर होते असे आमचे मत आहे. फेरात कोण आले? नाच किती चांगला झाला हे नंतर. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एशियन टाउन म्हणून मजुरांसाठी वसवलेले ठिकाण आहे. तिथे क्रिकेटचे मैदान आहे, उघडे नाट्यगृह आहे. विश्वचषकाच्या वेळी त्याच क्रिकेट मैदानात मोठे पडदे लावून मजुरांना सामने दाखवले. राष्ट्रीय दिनाला तिथे निरनिराळ्या देशांच्या लोकांचे नाचगाणे होते आणि हजारो मजूर ते पाहायला येतात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन जो स्वयंसेवक आठ सोपी पावले शिकवील, त्याचा नाच दयेचा. कोणी त्याचा व्हिडिओ काढो वा न काढो. घरकाम करणाऱ्या बाईला तर तीही सोय नाही. तिची सुटी मालकिणीच्या मनावर. तिच्यासाठी आठवड्याची एक सुटी २०१७ च्या कायद्याने लिहिली गेली, पण ती तिच्या हाती पडते की नाही हे घराच्या आतले. एखाद्या मालकिणीने स्वतः येऊन, "आज तू माझ्याबरोबर चल," म्हटले तर ती येणार.

आता नाचून दया होते का, या कमिटीतल्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मते आपल्या धर्मशास्त्राने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. हेसेद आणि दान यांत आपल्या ज्ञानी लोकांनी फरक केला आहे. दान पैशाने होते, हेसेद पैशानेही होते आणि अंगमेहनतीनेही. दान गरिबाला, हेसेद गरीब-श्रीमंत दोघांनाही. दान जिवंताला, हेसेद जिवंत आणि मेलेला दोघांनाही. आजाऱ्याला भेटणे, शोक करणाऱ्याचे सांत्वन, मयताला मूठमाती आणि वधूला आनंदित करणे ही सगळी एका माळेतली कामे. वधूला आनंदित कसे करायचे? तल्मुदात केथुबोथ या प्रकरणात प्रश्नच तसा विचारला आहे, की वधूपुढे नाचावे कसे. नाचावे की नाही, हा प्रश्नच नाही! रब शमुवेल बर रब यित्झाक म्हणून एक वृद्ध पंडित होते. लग्नात ते हदासच्या तीन डहाळ्या घेऊन वधूपुढे नाचत. सुक्कोथला लुलाबाबरोबर बांधतो तोच हदास. रब्बी झेरा हे दुसरे मोठे पंडित. त्यांना ते पाहवेना. हा म्हातारा आम्हां सगळ्यांना लाज आणतो, असे ते म्हणाले. आपल्या कमिटीत जे बोलले गेले तेच, फक्त सतराशे वर्षे आधी. पुढे ते शमुवेल वारले, तेव्हा त्यांचे शव आणि जमलेले लोक यांच्यामध्ये अग्नीचा स्तंभ उभा राहिला. असा मान पिढीत एखाद्या-दुसऱ्यालाच मिळतो असे तिथे म्हटले आहे. आणि झेरांना कबूल करावे लागले की म्हाताऱ्याची डहाळी त्याला फळली.

आणि आपल्या घरची रीत? मेंदीच्या रात्री मांडवात गॅसबत्ती लावून बायका टाळ्यांवर गाणी म्हणत, फेर धरीत, आणि शेजारची आगरी, कोळी, मराठा, मुसलमान बाई दारात उभी असली तर तिला हात धरून आत ओढत. तिला गाण्याचे शब्द येत नसत, टाळी तर येत असे. गौरी-गणपतीत त्यांच्या अंगणात झिम्मा-फुगडी, तर आपल्या मुली तिथे. सिमहाथ तोराहला मुंबईत एका मंदिरातून दुसऱ्या मंदिरात जायचे, सेफेर तोराह घेऊन नाचायचे, घामाघूम होऊन पहाटे घरी यायचे. इस्राएल मोहल्ल्यात राहिलेल्यांना बाल्यांचा नाचही आठवत असेल. कोकणातून मुंबईला घरकाम करायला आलेले गडी, कानात बाळी, पायांत घुंगरू, वर्षभर दुसऱ्यांची भांडी घासणारे, गणपतीच्या दिवसांत फेर धरून अशा काही जोमाने नाचत की चाळींच्या गॅलऱ्या भरून जात. त्या दिवसांत त्यांना गडी म्हणून हाक मारायला मालकाचीही जीभ वळत नसे.

आपल्या पहिल्या प्रार्थनामंदिराचे नाव तरी काय? शाअर हाराहामीम, दयेचे द्वार. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली मांडवीला त्यांनी ते बांधले. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून जीव वाचला, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. परक्या धर्माच्या एका बाईच्या दयेवर आपल्या मंदिरांचा पाया घातला गेला, असे आपणच आपल्या मुलांना सांगत आलो आहोत.

फेराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हेही आपल्याला कुणी शिकवायला नको. या देशात आलो, बेरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथे वाळूत घरे थाटली, आणि १९६२ पासून आपल्या विवाहांवर शंका घेण्यात आली. तुमची आजी कोण, पणजी कोण, पुरावा आणा. इतरांची लग्ने लागत होती, आपली मुले अर्ज घेऊन दारोदार फिरत होती. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह जेरुसलेमला धरणे धरून बसली तेव्हा कुठे ते निवळले. इथे बसलेल्यांपैकी काहीजण त्या धरण्यात होते. त्यांनी त्या दिवसांत पाणी कोणी आणून दिले आणि कोण तोंड फिरवून गेले, हे आजही नावानिशी सांगावे.

एक शास्त्रीय गोष्ट सांगतो, आम्हांस ती फार आवडली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात चौदा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग झाला, २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. बाळाला कडेवर घेऊन संगीताच्या ठेक्यावर हलवायचे, आणि समोर उभी असलेली बाई कधी त्याच ठेक्यावर हले, कधी वेगळ्याच. नंतर त्या बाईच्या हातून वस्तू खाली पडे. जिच्याबरोबर एका ठेक्यावर हलले होते, तिची वस्तू बाळे जास्त वेळा उचलून देत. ज्यांना अजून बोलताही येत नाही त्यांना हे कळते. तेव्हा एका तालात हलल्याने माणसे एकमेकांसाठी थोडी मऊ होतात, यात खोटे काही नाही. पण त्या प्रयोगातच दुसरी बाजूही आहे. जी बाई समोर असून वेगळ्या ठेक्यावर हलली, तिला मदत कमी मिळाली. ज्याला तालात घेतले नाही त्याला काय मिळते, ते बाळांनी दाखवले.

म्हणून आमचे म्हणणे असे. कार्यक्रम करावा. पण दोह्याच्या मॉलसारखा नको. आज सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे पाहा. तिथे खुर्च्यांवर कोण बसले आहे? आपल्या म्हाताऱ्या माणसांची चाकांची खुर्ची ढकलत ज्या आल्या त्या. कोणी केरळची, कोणी नेपाळची, कोणी फिलिपिन्सची. आपल्या आईला अंघोळ त्या घालतात, रात्री दोनदा उठून कूस त्या बदलतात. दोन-दोन वर्षे त्यांनी स्वतःची मुले पाहिलेली नसतात. आपल्या समारंभांत त्या येतात आणि भिंतीला टेकून बसतात, प्रसादाची ताटली त्यांच्या हाती सर्वांत शेवटी जाते. दोह्यातल्या मोलकरणीविषयी हळहळताना या खुर्च्यांकडे पाठ नको. येत्या नोव्हेंबरात नाच होईल तर तो त्यांच्यासह होईल. निमंत्रण ज्याच्या-त्याच्या घरच्या माणसाने तिला स्वतः द्यायचे, नाव घेऊन. त्या दिवशी म्हाताऱ्यांकडे लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न कमिटीत निघाला, आणि तो योग्य आहे. त्याला तरुण मंडळींनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. नावे फलकावर लागली आहेत. अजून पाच नावे कमी पडतात.

बाकी तपशील थोडक्यात. शब्बाथ किंवा सणाचा दिवस घेतलेला नाही. नाच सभागृहात आणि अंगणात होईल, हेखालजवळ नाही. पुरुषांचा फेर वेगळा आणि बायकांचा वेगळा असे हजानसाहेबांचे म्हणणे पडले, ते मान्य केले आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी खुर्चीवर बसून हातांची पावले करायची, तशी वेगळी बसवली आहेत. एक गाणे जगभर वाजते ते असेल, त्यानंतरचे मराठी असेल, आणि तिसरे त्या मुलींनी निवडायचे, त्यांच्या भाषेतले. त्याचे शब्द आपल्याला येणार नाहीत, टाळी येईल. चहा, पोहे आणि चिकाचा हलवा स्त्रीमंडळाकडे. ताटल्या मागच्या खुर्च्यांपासून वाटायला सुरुवात करायची, एवढे मात्र त्यांनी लक्षात ठेवावे. तालमी दर बुधवारी संध्याकाळी सहाला, मिनहा झाल्यावर.